भाऊ, पेचकस आणि दोन अ‍ॅम्प्लिफायर

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या भाऊंच्या घराची मागची खोली. हजर: भाऊ, वय एकोणसत्तर, उरला औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलमधून अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे प्रमुख, वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांची मुलगी, बँकेत नोकरीला, अ‍ॅम्प्लिफायरचा दुकानदार, ज्याला भाऊ सेठ म्हणतात, आणि मी, त्याच मिलच्या खरेदी विभागात आजही असलेली. गैरहजर कोणी नाही. विषय एकच: दोनपैकी कोणता अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा.

हे माझ्या वहीत असंच लिहिलेलं आहे. मी कोणतीही वस्तू घेताना तीन कोटेशनं मागवते, तुलनापत्रक करते आणि खाली जबाबदार माणसाची सही घेते. ही सवय भाऊंमुळे लागली असं मी म्हणते, पण त्यांना ते मान्य नाही. ते म्हणतात, "मी तुले कान लावायला शिकवून राहिलो होतो, अन् तू वही घेऊन बसली."

मिलमध्ये मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका मोटरसाठी मी सगळ्यांत कमी भावाचं बेअरिंग मागवलं होतं. कागद चोख होते. ते बसवून तिसऱ्या दिवशी भाऊ माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "चला मॅडम, तुमचं बेअरिंग तुम्हाले बोलावून राहिलं." मोटरपाशी नेऊन त्यांनी खिशातून लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढला, त्याचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडावर दाबली. आजूबाजूला लोखंड आपटत होतं, क्रेन ओरडत होती, आणि त्या सगळ्यातून पेचकसातून एक बारीक करकर थेट डोक्यात आली, दातात वाळू आल्यासारखी.

"कागदावर सस्तं, कानावर महाग," भाऊ म्हणाले. "दोन दिवस चालन. जास्त नाही."

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती मोटर बंद पडली. त्या दिवसापासून माझ्या तुलनापत्रकात एक रकाना वाढला: भाऊंचं मत.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे कापूस. चुन्याची रिकामी अ‍ॅल्युमिनियमची डबी, तिच्यात खोबरेल तेलाचं बोट लावलेले कापसाचे बोळे. शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी ते दोन्ही कानांत बोळे घालत आणि जो भेटेल त्याच्यापुढे डबी उघडत. कंपनीचे कानाचे प्लग होते, पण ते गोदामात कुलपात असत, आणि कुलपाची चावी कोणाकडे आहे हे कुलपालाही माहीत नसावं. पोरं हसायची. "भाऊ, लगीन आहे का, अत्तराचा फाया लावून राहिले?" भाऊ चिडत नसत. "कान कंपनीने दिलेले नाहीत बावा," ते म्हणत. "कंपनी वापस घेणार नाही, अन् नवे देणार नाही."

मी मात्र कधी कापूस घातला नाही. माझं टेबल ऑफिसात होतं. शेडमध्ये दिवसातून चारदा जायचे, पण तेवढ्यासाठी कोण तेल लावून घेणार?

कान कशासाठी जपायचे, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मिलमध्ये बत्तीस वर्षं लोखंड ऐकायचं आणि त्यानंतर फक्त गाणं. त्यांचा हिशोब इतका सरळ होता. नोकरीत असतानाच त्यांनी जुन्या रेकॉर्डी जमवल्या, एक भक्कम प्लेअर घेतला, मग कमरेएवढे दोन स्पीकर घेतले. निवृत्तीच्या दिवशी फक्त अ‍ॅम्प्लिफायर राहिला होता. तो पुढची अकरा वर्षं राहिला.

कारण कोणताच अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या परीक्षेत पास होईना. त्यांना इंटिग्रेटेड हवा होता, म्हणजे बारीक आवाज सांभाळणारा भाग आणि त्याला ताकद देणारा भाग दोन्ही एकाच पेटीत. "संयुक्त कुटुंब," ते म्हणत. "भांडले तरी एका छपराखाली. वेगवेगळे घेतले की वायरीच्या सोयरिकी जुळवत बसा." दुकानात जाताना ते दोन वस्तू नेत: एक स्वतःची रेकॉर्ड आणि एक स्प्रिंगचा काटा, भंगारवाले वापरतात तसा. अ‍ॅम्प्लिफायरला दोरी बांधून ते आधी त्याचं वजन करायचे. आतला ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर पेटी जड भरते, हा त्यांचा नियम.

सेठच्या दुकानात पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा मी सोबत होते. सेठ म्हणाला, "अंकल, ये कद्दू है क्या?"

"कद्दू होता तो ठोक के लेता," भाऊ म्हणाले, आणि वजन मला सांगितलं. मी लिहून घेतलं.

त्या दुकानातून आम्ही रिकाम्या हाताने परतलो. त्यानंतरही अनेकदा. एकाचा आवाज वाढवायचा खटका ढिला होता. एकाचं झाकण उघडू दिलं नाही. एकात रिमोट होता, आणि रिमोटवाल्या यंत्राचा मालक आळशी असतो असं भाऊंचं म्हणणं. पण त्यांचा खरा राग बास, ट्रेबल आणि बॅलन्सच्या खुंट्यांवर. बास-ट्रेबलने आवाज जाडा-बारीक होतो, बॅलन्सने तो डाव्या किंवा उजव्या स्पीकरकडे झुकवता येतो. "स्वयंपाक्याने घातलं तेवढंच तिखट-मीठ. आपण वरून घालायचं नाही." माझ्या तुलनापत्रकात त्यांनी लिहायला लावलेली ओळ आहे: बास, ट्रेबल, बॅलन्स: अनावश्यक. खाली त्यांची सही.

मग अकरा वर्षं ते ऐकत काय होते? सुई. प्लेअरवर रेकॉर्ड लावली की अ‍ॅम्प्लिफायर नसतानाही सुईतूनच डासासारखा बारीक आवाज येतो, गाण्याचा. भाऊ स्टुलावर बसून डावा कान सुईपाशी नेत आणि डोळे मिटून अख्खी बाजू ऐकत. भिंतींना त्यांनी खोली घुमू नये म्हणून गाद्या लावून ठेवल्या होत्या. वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला ती खोली दाखवायच्या. "पाहा, गाद्या भिंतीले अन् आम्ही चटईवर. गाणं यायचं आहे म्हणे. पाहुणा यायच्या आधीच अकरा वर्षं पलंग मांडून ठेवला."

गेल्या फेब्रुवारीत भाऊंचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मोठा. "ह्या महिन्या-दीड महिन्यात घ्यायचा म्हणजे घ्यायचा. तू वही काढ."

अकरा वर्षं घाई न करणारा माणूस. मी विचारलं, "काहून भाऊ, एवढी घाई?"

"तू वही काढ," ते पुन्हा म्हणाले.

आम्ही तीन रविवारांत यादी दोनवर आणली. एक चांदीच्या रंगाचा: दर्शनी भागावर दोनच खुंट्या, आवाजाची आणि निवडीची, वजनाला काळ्यापेक्षा सरस. दुसरा काळा: बास, ट्रेबल, बॅलन्स, सगळा बाजार. काळा यादीत आला तो सेठच्या आग्रहामुळे, असं मी समजत होते. सेठलाही भाऊंचा आता लळा लागला असावा. एका रविवारपुरते दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर घरी आणून द्यायला तो तयार झाला. "अंकल, इस बार नहीं लिया तो मैं दुकान बंद करके भजन करूँगा."

"भजन कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरवर?" भाऊंनी मराठीतच विचारलं.

परीक्षेची पद्धत भाऊंची. दोन्ही पेट्या एका चादरीमागे. चादरीमागे मी एकटी. दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा केलेला, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच सगळ्यांना गोड लागतो. आठ फेऱ्या. प्रत्येक फेरीत एक वाजवायचा, मग प्लेअरच्या पिना आणि स्पीकरच्या वायरी काढून दुसऱ्याला लावायच्या आणि तोच तुकडा पुन्हा. आधी कोणता वाजणार हे नाणं ठरवणार. समोर बसलेल्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, आधीचा बरा की नंतरचा. बोलायचं नाही, एकमेकांकडे पाहायचं नाही.

"बाबा, ये एग्ज़ाम है क्या?" मुलीने विचारलं. इथल्या हिंदी मुलखात वाढल्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"हव. अन् कॉपी केली तर जेवायला मिळणार नाही."

सात फेऱ्या सुरळीत झाल्या. आठव्या फेरीत चांदीचा वाजवून झाला. मी बंद केला, आणि तेवढ्यात मागच्या दारातून वहिनींनी विचारलं, "चहा आता ठेवू का मंग ठेवू?" त्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता स्वयंपाकघरात जाऊन येत होत्या. मी मान वळवून "नंतर, नंतर" म्हटलं, वहीत खूण केली आणि पुन्हा सुरू केला.

चिठ्ठ्या उघडल्या. आठव्या फेरीत सेठने लिहिलं होतं, "बाद वाला खुल के बज रहा है, दम है." मुलीने लिहिलं होतं, नंतरच्यात आवाज जास्त साफ. वहिनींनी आठही फेऱ्यांत एकच लिहिलं होतं: दोन्ही सारखेच.

भाऊंनी बरा-वाईट लिहिलंच नव्हतं. त्यांनी ओळखून लिहिलं होतं. आधी चांदी, मग काळा. आधी काळा, मग चांदी. सातही फेऱ्या माझ्या नोंदीशी तंतोतंत जुळत होत्या. आठव्या फेरीसमोर होतं: वायर बदललीच नाही.

"बदलली," मी म्हणाले. वहीत खूण होती.

"जाऊन पाह्य."

मी चादर वर केली. स्पीकरच्या वायरी चांदीच्या पेटीलाच होत्या. काम करण्याआधी खूण केली होती मी. याच चुकीसाठी गोदामातल्या माणसांना मी उभं करून बोलते.

सेठ स्वतःची चिठ्ठी पुन्हा वाचू लागला. मुलगी म्हणाली, "तो मैंने क्लियर क्या सुना?" वहिनी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "शेवटी माझंच बरोबर निघालं. आठ परीक्षांत एकदा का होईना, पास झाले."

सगळे हसले, आणि भाऊंच्या कानांचं कौतुक सुरू झालं. सेठने तर दोन्ही हात जोडले. "अंकल, ये कान नहीं, मशीन है." भाऊ हसले नाहीत. मांडीवरचा पेचकस त्यांनी खिशात घातला. तो तिथे आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते स्पीकरला लागून बसले होते आणि चादरीमागून मला फक्त त्यांचे गुडघे दिसत होते.

मग निकाल. माझ्या पत्रकात चांदीच्या पेटीला सहा रकान्यांत सरशी होती. भाऊंच्या स्वतःच्या सगळ्या नियमांनी तीच पास. मी त्यांच्यापुढे सहीसाठी वही धरली. ते म्हणाले, "काळा."

"बाबा!" मुलगी म्हणाली. "आपने ज़िंदगी भर बोला, नॉब वाला कचरा होता है."

"बोललो होतो."

"फिर?"

"फिर आता काळा घेऊन राहिलो."

सेठला आनंद व्हावा की काळजी, हे ठरवता येईना. मी मात्र वाद घातला. वजन, खटके, बांधणी, सगळं वाचून दाखवलं. भाऊंनी माझ्या हातून पेन घेतलं, 'बास, ट्रेबल, बॅलन्स: अनावश्यक' ही ओळ शोधून काढली, बॅलन्सच्या पुढे स्वतःच्या अक्षरात 'आवश्यक' लिहिलं आणि सही केली. त्यांच्या चेहऱ्यावर तीच मुद्रा होती जी मिल बंद करायला लावताना असायची. मग कोणी वाद घालत नसे.

सेठ चांदीची पेटी घेऊन गेला, मुलगी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली. भाऊंनी रेकॉर्ड लावली आणि स्टूल दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवून त्यावर बसले. मग बॅलन्सची खुंटी हळूहळू डावीकडे फिरवू लागले. घड्याळाच्या काट्यासारखी ती मधल्या बारावरून अकरावर आली तेव्हा थांबले. डोळे मिटले.

"इथं बस," थोड्या वेळाने उठत ते मला म्हणाले.

मी बसले. गाणं डाव्या स्पीकरकडे कललं होतं, भरलेली बादली एका बाजूला कलते तसं.

"भाऊ, आवाज डावीकडे पडतोय."

"तुले," ते म्हणाले. "मले आता मधात आला. पहिल्या खेपेस."

मग मला एकेक आठवायला लागलं. गेल्या हिवाळ्यात सुईपाशी ते उजवा कान नेत होते. फोन उजव्या कानाला. मिलच्या जुन्या लोकांच्या जेवणात त्यांनी माझी खुर्ची डावीकडून उजवीकडे घेतली होती. आणि ज्या माणसाने कुकरच्या शिट्टीवरून रबर कधी बदलायचं ते सांगावं, त्याच्या डाव्या हाताशी तीन शिट्ट्या झाल्या तरी त्याने मान वर केली नव्हती.

"मग तुम्ही आठच्या आठ ओळखले कसे?"

त्यांनी पेचकस काढला, टोक स्पीकरच्या लाकडाला टेकवलं, मूठ डाव्या कानामागे. "काळ्याची घरघर आहे. बारीक. हवेतून कोणालेच ऐकू येत नाही, हाडातून येते. चांदीची नाही. गाण्यावरून नाही ओळखलं मी. मोटर ओळखावी तसं ओळखलं." मग मूठ तशीच धरून म्हणाले, "अन् पाह्य, हाडातून डाव्याले सगळं येते. साफ. म्हणजे आतली मोटर शाबूत आहे. मधातलं, दोन्ही बाजू जोडणारं कपलिंग जाम झालं."

"मग डॉक्टरला दाखवा. कपलिंग सुटतं."

"नाही."

"काहून नाही?"

रेकॉर्डची बाजू संपली, सुई घासत राहिली. "बत्तीस वर्षं अख्ख्या मिलले कापूस वाटला मी," ते म्हणाले. "अन् आता मीच बहिरा निघालो तर पोट्टे काय म्हणतीन? म्हणतीन, बुढ्याचा कापूसही फुकट, बुढाही फुकट. जे घालून राहिले तेही काढून फेकतीन."

मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. आमच्या शेडमध्ये आज निम्मी माणसं कानात काही तरी घालतात, आणि ते फक्त भाऊंच्या शब्दावर.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवायला त्या वळसा घालून भाऊंच्या उजव्या बाजूला गेल्या. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "इले कधी समजलं?"

"डावीकडून बोलणं बंद करून मले दोन दिवाळ्या झाल्या," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही ऐकत नाही हे नवीन नव्हतं. कुठून ऐकत नाही, तेवढं नवीन होतं."

त्या रविवारपासून भाऊ रोज ऐकतात. संध्याकाळी पाच ते सात, गाद्यांच्या खोलीत, स्टूल मध्ये. घरघर असलेल्या, खुंट्यांच्या बाजारवाल्या त्या काळ्या पेटीवर. मी महिन्यातून एकदा जाते आणि निघताना खुंटी कुठे आहे ते वहीत लिहिते. मार्चमध्ये अकरा. जुलैमध्ये साडेदहा. परवा गेले तेव्हा दहाला थोडे कमी. डावीकडे ती सातला अडते. त्यापुढे फिरत नाही. भाऊंना हे माझ्याआधी माहीत आहे. अ‍ॅम्प्लिफायर निवडताना त्यांनी ती खुंटी शेवटपर्यंत फिरवून पाहिली असणार.

कानाच्या डॉक्टरची वेळ मी तीनदा घेतली. पहिल्यांदा त्यांना अचानक अभनपुरला लग्न निघालं. दुसऱ्यांदा पंखा दुरुस्त करायचा होता. तिसऱ्यांदा तर ते तयार होऊन बसले होते आणि मी पोचेपर्यंत सायकल काढून निघून गेले. वहिनी म्हणाल्या, "शटडाऊन मिळत नाही म्हणतात."

मिलमध्ये शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्र थांबवायची परवानगी, कसं मिळवायचं हे भाऊंनीच मला शिकवलं आहे. मागायचं नाही. तारीख लिहून द्यायची आणि स्विचबोर्डसमोर स्टूल टाकून बसायचं.

परवा मी तेच केलं. त्यांच्या स्टुलावर जाऊन बसले आणि सांगितलं की गुरुवारी मी माझे कान तपासायला चालले आहे. एकोणीस वर्षं दिवसातून चारदा शेडमध्ये, आणि एकदाही कापूस नाही. खोटं काही सांगितलं नाही. गेले काही महिने टेबलावरचा फोन दुसऱ्या-तिसऱ्या घंटीला कळतो मला.

भाऊ एकदम ताठ झाले. "मी डबी पुढे करत होतो ना तुले? किती वेळा?"

"मोजलं नाही."

"तू? तू मोजलं नाही?" ते खोलीत दोन फेऱ्या मारून आले. "एकटी जाऊ नको. डॉक्टर इंग्रजीत सांगतीन, तू नुसती लिहून घेशीन. मी येतो."

"मग तुमचंही नाव लिहू?"

"माझं कायले?"

मी वही उघडी ठेवून पेन वर ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही, पण दूरही सारलं नाही. वेळ मी दोन माणसांची घेतली आहे, गुरुवार, सकाळी अकरा. माझ्या नावापुढे माझी सही आहे. त्यांच्या नावापुढचा रकाना मोकळा आहे, आणि या वेळी काम होण्याआधी मी त्यात खूण करणार नाही.